बाबांसाठी जुनी एचएमटी घेताना आधी डायल बघा

वडिलांच्या साठीला, पंचाहत्तरीला किंवा आई-बाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला जुनं चावीचं घड्याळ द्यावं असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आपल्याकडच्या बहुतेक घरांत 'जुनं घड्याळ' म्हटलं की एचएमटीच आठवते, म्हणून मुख्यतः तिच्याबद्दल. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगतो. चकचकीत, नव्या कोऱ्या डायलचं घड्याळ समोर आलं तर ते बाजूला ठेवा. थोडी पिवळसर पडलेली, एखाददुसरा डाग असलेली, पण कारखान्यातूनच आलेली डायल असेल ते उचला आणि वाचलेले पैसे सर्व्हिसिंगवर घाला. मशीन दुरुस्त होतं, काच बदलता येते, पट्टा तर कुठेही मिळतो. मूळ डायल एकदा खरवडून रंगवली की ती कायमची गेली.

त्याआधी घरातलं कपाट उघडून बघा. लग्नात मिळालेलं, पहिल्या पगारातून घेतलेलं किंवा कंपनीने पंचवीस वर्षांच्या नोकरीनिमित्त दिलेलं एखादं बंद घड्याळ बऱ्याच घरांत कुठल्यातरी डब्यात असतं. ते सापडलं तर बाजारात जाऊच नका, तेच चालू करून द्या. घड्याळ बंद आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. वर्षानुवर्षं पडून राहिलं की आतलं तेल सुकतं, घट्ट आणि चिकट होतं आणि मशीन अडतं. बहुतेक वेळा बिघाड तेवढाच असतो. चालतंय का बघायला म्हणून चावी देत बसू नका आणि झटके तर मुळीच देऊ नका. सुकलेल्या तेलात धूळ मिसळून त्याचा बारीक खरखरीत लेप झालेला असतो आणि तशातच मशीन फिरलं की चाकांची टोकं झिजतात. थेट कारागिराकडे न्या. मशीनचं पूर्ण सर्व्हिसिंग, नवी काच आणि नवा पट्टा एवढंच करायला सांगा. 'डायलही नवी करून देऊ का?' असं तो हमखास विचारेल, तेव्हा ठामपणे नाही म्हणा. त्या डायलवरचा डाग वडिलांच्या ओळखीचा आहे.

घरात काही नसेल तर बाजार. तिथे जाताना इतिहासातल्या दोन-तीन तारखा माहीत असलेल्या बऱ्या. हिंदुस्थान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, ही सरकारी कंपनी १९५३ सालची, पण तिचा घड्याळांचा कारखाना बंगळुरूमध्ये उभा राहिला तो १९६१ साली, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने. त्यामुळे '१९५५ ची एचएमटी' असं कुणी म्हणालं तर पुढचं बोलणं ऐकायची गरज नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. त्यानंतर जुन्या घड्याळांची मागणी वाढली आणि सुटे भाग जोडून 'जुनी' घड्याळं तयार करण्याचा धंदाही जोरात चालू लागला.

बऱ्याच जणांना वडिलांच्या जन्मवर्षाचं किंवा नोकरीला लागले त्या वर्षाचं घड्याळ हवं असतं. भावना समजते, पण एचएमटीच्या बाबतीत मी हा हट्ट धरू नका असं सांगेन. विक्रेता '१९७१ चीच आहे' म्हणतो तेव्हा ते कशावरून, हे विचारा. मूळ बिल किंवा तारीख घातलेलं गॅरंटी कार्ड नसेल तर ते वर्ष म्हणजे अंदाज, आणि अंदाजाचे जास्त पैसे देऊ नयेत. वर्षापेक्षा मॉडेल निवडा. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, जवान, मनगटाच्या हालचालीने आपोआप भरणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये कांचन आणि रजत, ही नावं त्या पिढीच्या तोंडात आहेत. गप्पांच्या ओघात 'तुमच्याकडे तेव्हा कोणतं घड्याळ होतं?' एवढं विचारलं की काम होतं. ज्यांना जनता परवडली आणि कांचन परवडली नाही, त्यांना आज कांचन मिळाली की काय वाटेल याचाही विचार करा.

डायल

परदेशातले संग्राहक एका प्रकारच्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. तीन-चार मेलेल्या घड्याळांचे भाग एकत्र करायचे, डायल खरवडून भडक रंगात नव्याने छापायची, केसला (घड्याळाच्या बाहेरच्या कवचाला) पॉलिश मारायचं आणि 'व्हिंटेज' म्हणून विकायचं, हा तो प्रकार. भगव्या, पोपटी, गुलाबी डायलच्या पायलट इंटरनेटवर शेकड्याने दिसतात, त्यांतल्या बहुतेक याच जातीच्या. पायलट म्हणजे काळ्या डायलवर मोठे पांढरे आकडे, हे तिचं सगळ्यांच्या ओळखीचं रूप. देवनागरीत 'जनता' छापलेल्या खऱ्या डायलीही एचएमटीने काढल्या होत्या, आणि त्यांना मागणी आहे म्हणूनच त्यांच्या नकलाही भरपूर आहेत.

डायल तपासायला दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. ते दोन-तीनशे रुपयांत मिळतं आणि या खरेदीतला तो सगळ्यात उपयोगी खर्च आहे. घड्याळ उजेडाकडे तिरकं धरा. कारखान्यातल्या छपाईत अक्षराची कड तीक्ष्ण असते आणि शाई पृष्ठभागापासून किंचित वर उचललेली दिसते. 'पॅराशॉक' (धक्क्यापासून बचावाची यंत्रणा) हा शब्द वाचा. इतक्या बारीक टाइपातल्या अक्षरांची पोटं मूळ छपाईत मोकळी असतात, रंगवलेल्या डायलवर ती शाईने भरलेली दिसतात. 'ज्वेल्स'च्या (चाकांची टोकं ज्यांत फिरतात त्या बारीक खड्यांच्या) स्पेलिंगमध्ये चुकाही सापडतात, तेव्हा एकेक अक्षर वाचा. मग मिनिटांच्या रेघांवर या. बारा, तीन, सहा, नऊ या चार ठिकाणी चिकटवलेल्या धातूच्या खुणेचा मध्य आणि मिनिटाची रेघ एका ओळीत आहेत का? डायल नव्याने छापताना ठसा केसभर फिरला तरी सहाजवळ जुळलेलं नऊजवळ चुकतं. धातूच्या खुणांच्या पायथ्याशी रंग साचलाय का, आणि वार्निशखाली धुळीचा कण किंवा ब्रशचा केस अडकलाय का, तेही याच भिंगातून दिसतं.

मूळ डायल म्हातारी होते ती ठरावीक पद्धतीने. कड आधी काळवंडते, कारण ओल आणि हवा तिथूनच आत शिरते. तीनच्या बाजूला, म्हणजे चावीजवळ, डाग जास्त असतात. मधला भाग त्या मानाने स्वच्छ राहतो. हे सगळं दिसत असेल तर मन शांत ठेवून पुढे जा. याउलट डायल एकसारखी चकचकीत आणि केसच्या लग्जवर (पट्टा अडकवायच्या शिंगांवर) मात्र तीस वर्षांची झीज, अशी जोडी दिसली तर घड्याळ परत ठेवा.

काटेही बघा. मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचला पाहिजे. आखूड असेल तर तो दुसऱ्या घड्याळाचा आहे. तासकाटा एका छटेचा आणि मिनिटकाटा दुसऱ्या छटेचा असेल तर तीच कथा. डायलच्या मागे दोन पाय असतात, त्यांवर ती मशीनला पक्की बसते. पाय तुटले की काही जण दुहेरी चिकटपट्टी लावून काम भागवतात. मग डायल किंचित उचलली जाते, काटे तिला किंवा काचेला घासतात आणि घड्याळ मधूनच थांबतं. केस हातात धरून हलकेच हलवा. आत डायल सरकताना दिसली तर हेच झालंय.

केस, काच, चावी

मागच्या झाकणावर इंग्रजीत 'स्टेनलेस स्टील बॅक' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ झाकण तेवढंच स्टीलचं. वरची केस पितळेची आणि तिच्यावर मुलामा. अशा केसवर मुलामा सगळ्यात आधी उडतो तो लग्जच्या खालच्या बाजूला, जिथे घाम साचतो. घड्याळ उलटं करून तिथे नखाने हलकेच खरवडून बघा. हिरवट बुरशीसारखा थर निघाला तर खाली पितळ उघडं पडलंय. पितळेच्या केसवर क्रोमच्या खाली बहुधा निकेलचा थर असतो आणि वयस्कर माणसांच्या पातळ त्वचेला निकेलची खाज सुटू शकते. वडिलांना नकली दागिन्यांची किंवा बेल्टच्या बकलची अॅलर्जी असेल तर मुलामा उडालेली केस नकोच, पूर्ण स्टीलची बघा. सोनासारख्या सोनेरी घड्याळात तर मुलाम्याची अवस्था हाच निवडीचा मुख्य निकष. नव्याने मुलामा चढवता येतो, पण त्याआधी केस घासावी लागते आणि कोपऱ्यांची धार जाते.

काच ओरखड्यांनी भरलेली असेल तर चिंता नको. चावीच्या जुन्या एचएमटीवर अॅक्रिलिकची काच असते. कापसावर थोडी टूथपेस्ट किंवा पितळ घासायचं पॉलिश घेऊन दोन-तीन मिनिटं गोल गोल घासलं तर वरवरचे ओरखडे निघतात. तडा असेल किंवा काच पिवळी पडली असेल तर बदलून घ्या, ती स्वस्त असते. उलट काचेच्या निमित्ताने घासाघीस करता येते, कारण ओरखड्यांच्या काचेने गिऱ्हाईक बिचकतं आणि विक्रेत्याला ते माहीत असतं.

मशीन

जनता, पायलट यांच्यात बहुधा ०२३१ हे मशीन सापडतं. हाताने चावी द्यायचं, सतरा ज्वेलचं, मुळात सिटिझनच्या आराखड्यावरचं. तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. दुकानात आधी चावी द्या. सुरुवातीला हलका आणि शेवटी वाढत जाणारा विरोध बोटाला जाणवला पाहिजे, आणि मग ती ठामपणे थांबली पाहिजे. कितीही फिरवली तरी अडतच नसेल तर आतली स्प्रिंग तुटलीय किंवा तिचा हुक सुटलाय. दोन-चार फेऱ्यांतच अडली आणि घड्याळ बंदच असेल, तर ते आधीच पूर्ण भरलेलं आहे आणि तरीही चालत नाही, म्हणजे आत घाण आहे. 'जास्त चावी दिल्यामुळे बिघडलं' असं लोक म्हणतात ते बहुतेक वेळा असंच घड्याळ असतं.

मग चावी बाहेर ओढून काटे फिरवा. मिनिटकाट्याला एकसारखा, लोण्यातून जावा तसा विरोध हवा. काटे सैल, मोकळे फिरत असतील तर कॅनन पिनियन (मिनिटकाटा ज्यावर बसतो ती नळी) सैल झालंय. असं घड्याळ टिकटिक करतं, सेकंदकाटा बरोबर फिरतो, पण मिनिटकाटा मागे पडतो. ही खोड दुकानातल्या पाच मिनिटांत कळत नाही आणि घरी नेल्यावर डोकं खाते. सुदैवाने कारागिराला हे काम दहा मिनिटांचं आहे. काटे बाराला आणले की दोन्ही अगदी एकावर एक आले पाहिजेत, तेही बघून घ्या.

झाकण उघडून दाखवायला सांगा. नकार मिळाला तर घेऊ नका. आत पहिली नजर गंजावर टाका, विशेषतः चावीचा दांडा जिथून आत येतो त्या भागात. मुंबई आणि कोकणपट्टीत वापरलेल्या घड्याळांत गंज जास्त असतो. चाकांवर, स्क्रूवर लाल-तपकिरी ठिपके म्हणजे पाणी गेलं होतं. वरवरचा डाग साफ होतो, पण दांडा किंवा चाकाची टोकं खाल्ली गेली असतील तर भाग बदलावे लागतात. दुसरी नजर स्क्रूंच्या खाचांवर. त्या फाटलेल्या, ओरबाडलेल्या असतील तर घड्याळ चुकीच्या हातांतून गेलंय. तिसरी बॅलन्सवर, म्हणजे मागे-पुढे झोके घेणाऱ्या चाकावर. तो जोमाने, मोठ्या झोक्याने फिरला पाहिजे आणि त्याच्या हेअरस्प्रिंगची (केसासारख्या बारीक स्प्रिंगची) वळणं एकमेकांना न चिकटता एकसारखी उघडली-मिटली पाहिजेत. वळणं चिकटत असतील तर घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे धावतं. कधी कारण फक्त चुंबकत्व असतं, ते घालवायला छोटं यंत्र पुरतं. कधी वळणांवर तेल उडालेलं असतं. वळणच वाकलेलं असेल तर मात्र अवघड.

मोबाइलवर घड्याळाचे ठोके ऐकून वेग मोजणारी मोफत अॅप्स मिळतात. इअरफोनचा माइक झाकणाला टेकवायचा, खोली शांत हवी. सर्व्हिस न झालेल्या घड्याळात बॅलन्सचा झोका २०० अंशांच्या खाली दिसला तरी निराश होऊ नका, चांगल्या सर्व्हिसिंगनंतर डायल वरच्या बाजूला ठेवून तो २५०-२७० पर्यंत यायला हवा. दिवसाला अर्धा मिनिट पुढे-मागे हे या वयाच्या मशीनला उत्तमच. वडिलांच्या पिढीला रेडिओच्या बातम्यांवर घड्याळ लावायची सवय आहे, अर्ध्या मिनिटाने त्यांचं काही अडत नाही.

सर्व्हिसिंग

'तेल घालून दिलंय' आणि 'सर्व्हिस केलंय' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात झाकण उघडून जुन्या घाणीवर नवीन तेलाचा थेंब सोडतात किंवा अख्खं मशीन पेट्रोलमध्ये बुचकळून काढतात. घड्याळ लगेच पळायला लागतं आणि काही महिन्यांत पुन्हा थांबतं, कारण सैल झालेली घाण ज्वेलमध्येच राहते. खऱ्या सर्व्हिसिंगमध्ये मशीन पूर्ण सुटं करतात, बॅरल (मुख्य स्प्रिंगची गोल डबी) उघडून स्प्रिंग बाहेर काढतात, सगळे भाग धुऊन ज्वेलची छिद्रं टोकदार काडीने साफ करतात आणि मग जागेप्रमाणे वेगवेगळं तेल घालतात. वेगाने फिरणाऱ्या चाकांच्या टोकांना पातळ, जास्त दाब येतो तिथे दाट, चावीच्या यंत्रणेला ग्रीस. कारागिराला सरळ विचारा: 'बॅरल उघडता का? आणि किती प्रकारची तेलं वापरता?' या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून माणूस कळतो. साध्या चावीच्या एचएमटीचं असं काम गावोगावचे जुने कारागीर आजही काहीशे रुपयांत करतात. ते थोडे जास्त मागत असतील तर द्या. या कामाला दोन तासांची एकाग्रता लागते आणि ते करणारे हात कमी होत चाललेत.

न वापरलेला जुना साठा म्हणून विकली जाणारी, झाकणावर स्टिकर असलेली घड्याळंही सर्व्हिस केल्याशिवाय देऊ नका. घड्याळ मनगटावर गेलं नसलं तरी तेलाचं वय थांबलेलं नसतं.

मनगट कुणाचं आहे?

इतकं सगळं जमवल्यावरही भेट कपाटात जाऊन पडते, ती बहुतेक वेळा बोटं आणि डोळे यांचा विचार न केल्यामुळे. संधिवात असेल तर रोज सकाळी छोटी चावी चिमटीत धरून वीस-तीस वेळा फिरवणं त्रासाचं होतं. सोनासारख्या चपट्या घड्याळाची चावी तर आणखी बारीक. वडिलांना शर्टाचं बटण लावायला वेळ लागतो का, हे नुसतं बघा. लागत असेल तर ऑटोमॅटिक कांचन किंवा रजत घ्या. मनगटाच्या हालचालीने ती भरते. पण दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या हातावर ऑटोमॅटिक पुरेशी भरत नाही, हेही लक्षात घ्या. वार-तारीख असलेलं घड्याळ दोन दिवस थांबलं की तारीख लावायची कटकट येते. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान काटे असताना तारीख झटपट बदलायचा प्रयत्न केला तर दाते तुटू शकतात. आधी काटे सहाच्या आसपास न्यायचे आणि मग तारीख बदलायची, एवढं त्यांना समजावून सांगा. तेही नको असेल तर एचएमटीचंच जुनं क्वार्ट्झ (बॅटरीवरचं), उदाहरणार्थ विजय, घेण्यात काही कमीपणा नाही.

डोळ्यांसाठी ठळक आकडे आणि डायल-काट्यांमध्ये मोठा फरक हवा. चंदेरी डायलवर चंदेरी काटे दुकानात देखणे दिसतात, पण मोतीबिंदू असलेल्या माणसाला ते दिसत नाहीत. पांढऱ्यावर काळं किंवा पायलटसारखं काळ्यावर पांढरं घ्या.

पट्टा पुरुषांच्या जुन्या एचएमटीला बहुधा १८ मिलिमीटरचा लागतो, तरी लग्जमधलं अंतर मोजूनच घ्या. उतारवयात मनगट बारीक होतं, तेव्हा तयार पट्ट्याला शेवटचं छिद्रही सैल पडू शकतं. जास्तीची दोन छिद्रं आधीच पाडून घ्या. बक्कल लावता येत नसेल तर स्प्रिंगचा ताणणारा पट्टा सोयीचा, फक्त तो हातावरचे केस ओढतो. आणि पट्टा अडकवायच्या दोन्ही पिना नव्या घाला. जुनी पिन निसटली की घड्याळ थेट फरशीवर पडतं. पॅराशॉकमुळे बॅलन्सच्या टोकांना धक्क्यापासून संरक्षण असतं, पण ते सगळंच झेलू शकत नाही.

आईसाठी बघत असाल तर सुजातासारखी बायकांची जुनी चावीची घड्याळं फार सुंदर दिसतात. पण मशीन इवलंसं, भाग मिळणं कठीण आणि आकडे वाचायला बारीक. आईला चालणार असेल तर पुरुषांची ३५ मिलिमीटरची जनता बारीक पट्ट्यावर छान दिसते आणि वेळही सहज वाचता येते.

एचएमटीच्या आधीची घड्याळं म्हणजे वेस्ट एंड आणि फेवरलुबा. या दोन्ही नावांचा मुंबईशी जुना संबंध आहे. वेस्ट एंडची सोवार प्रायमा किंवा फेवरलुबाची सी चीफ वडिलांच्या वडिलांच्या हातात असायची. ऐंशी-नव्वदीतल्या माणसाला ती ओळख जास्त सुखावेल. पण फेवरलुबाच्या काही मशीनमध्ये दोन बॅरल असतात आणि त्यांचे सुटे भाग सहज मिळत नाहीत. कारागीर आधी ठरवा, मग घड्याळ घ्या. १९६० च्या आधीच्या घड्याळांच्या काट्यांवरचा, आकड्यांवरचा चमकणारा लेप किरणोत्सारी रेडियमचा असू शकतो. तो खरवडू नका आणि घरी केस उघडू नका.

कुठे घ्यायचं

मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार या जागा बघायला जरूर जा, भिंग घेऊन जा, पण पहिलीच खरेदी तिथे करू नका. मी जुन्या कारागिराला पसंती देतो. त्याच्याकडे गिऱ्हाइकांनी परत न नेलेली, विकायला ठेवलेली घड्याळं असतात, ती कोणत्या अवस्थेत आली होती हे त्याला माहीत असतं आणि पुढची सर्व्हिसही तोच करणार असतो. बंगळुरूला जाणं झालं तर जलहळ्ळीतलं एचएमटीचं हेरिटेज सेंटर बघा. मूळ डायली डोळ्यांत बसल्या की रंगवलेल्या लगेच खटकतात.

ऑनलाइन घेणार असाल तर विक्रेत्याकडून त्याच घड्याळाचे हे फोटो मागा: तिरक्या उजेडात जवळून डायल, चावीच्या बाजूने केस, लग्जची खालची बाजू, झाकणाची आतली बाजू, उघडं मशीन. शिवाय आवाजासकट बॅलन्सचा दहा सेकंदांचा व्हिडिओ. आणि एक प्रश्न लेखी विचारा: 'डायल ओरिजिनल आहे की रंगवलेली?' बरेच विक्रेते थेट विचारलं की खरं सांगतात, आणि खोटं सांगितलं तर परत करताना तो संदेश कामाला येतो. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा.

समारंभाच्या दोन महिने आधी शोध सुरू करा. कारागिराकडे घड्याळ किती दिवस राहील हे त्याच्या हातातल्या कामावर असतं. ते परत आलं की किमान आठवडाभर घरी चालवून बघा. रोज सकाळी त्याच वेळी पूर्ण चावी द्या, मोबाइलच्या वेळेशी फरक लिहून ठेवा, एका रात्री डायल वर, दुसऱ्या रात्री चावी वर अशा स्थितीत ठेवा आणि एकदा पूर्ण उतरू द्या. पूर्ण चावीवर दीड दिवस तरी चाललं पाहिजे. रोज एकाच दिशेने ठरावीक फरक पडत असेल तर कारागीर रेग्युलेटर (वेग कमी-जास्त करायची छोटी दांडी) सरकवून तो कमी करतो. एक दिवस पुढे, एक दिवस मागे असं होत असेल तर काम पुन्हा करून घ्यावं लागेल.

डब्यात एक छोटी चिठ्ठी ठेवा, मोठ्या अक्षरात: सकाळी चावी द्यायची, अडली की थांबायचं, आंघोळीआधी आणि पावसात काढून ठेवायचं, पुढचं सर्व्हिसिंग चार-पाच वर्षांनी. झाकणावर 'वॉटरप्रूफ' कोरलेलं असलं तरी जुन्या रबरावर विसंबू नका. आणि जमलं तर त्याच मशीनचं एक बंद, फुटक्या डायलचं घड्याळ कारागिराकडून स्वस्तात घेऊन पिशवीत सिलिका जेलसोबत ठेवून द्या. बॅलन्स, चावीचा दांडा, चाकं, स्क्रू हे सगळं त्यात असतं. पाच वर्षांनी यातलं काही लागलं तर शोधत फिरावं लागणार नाही.